तीन थेंब आणि पानशेत

मागच्या महिन्यात एका रविवारी पार्किंगमध्ये गेलो तर माझ्या गाडीखालच्या तेलाच्या डागाभोवती कुणीतरी पांढऱ्या खडूने रेघ मारून शेजारी तारीख टाकली होती. खून झाल्यावर प्रेताभोवती मारतात तशी. आत आणखी दोन रेघा, त्यांच्याही आपापल्या तारखा. म्हणजे पंचनामा आठवडाभर चालू होता, फक्त आरोपीला कळवलं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो होता, आणि खाली ‘पेव्हर ब्लॉक खराब केल्याबद्दल ५०० रु.’

गाडी २००८ची, पेट्रोल, १ लाख ८२ हजार किलोमीटर झालेली. या वयात माणूसही थोडा पाझरतो.

खडू तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा निघाला. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त.

“काका, हे तुम्ही काढलंत?”

“मग काय वॉचमन काढणार? गळती हा आपला प्रांत. धरणाच्या गॅलरीत व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्हीसारखी खाच असलेली पट्टी, बसवून मोजायचो आम्ही.”

“अहो, पण हे धरण नाही.”

“गळती ती गळती. आधी मोजायची. वाढतेय का स्थिर आहे? स्थिर असेल तर झोप लागते. बरं, स्वच्छ येतंय का गढूळ?”

“काळं येतंय.”

“गढूळ!” काकांनी चष्मा काढला. “गढूळ म्हणजे आतली माती वाहून चाललीय.”

“काका, इंजिनात माती नसते.”

“बारा जुलै एकसष्टला आम्ही शनिवारात राहायचो,” काका म्हणाले. पुण्यात एवढं वाक्य टाकलं की समोरच्याचं बोलणं बंद. माझे तीन थेंब थेट पानशेत धरणफुटीच्या पंक्तीला जाऊन बसले. मग काकांनी खाली वाकून, गुडघ्यावर हात टेकत, त्या दिवशीची रेघ मारली आणि खडू शर्टच्या खिशात ठेवला. पेनासारखा.

मला राग याचा आला की माणूस मुद्द्याला धरून होता. गळती मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रात्री इंजिनखाली खोक्याचा पुठ्ठा अंथरायचा, त्यावर चाकांच्या जागा पेनने मारून ठेवायच्या, म्हणजे थेंब इंजिनच्या कुठल्या भागाखाली पडला ते सकाळी कळतं. काळपट तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, गुळचट वासाचं म्हणजे कूलंट. आणि निव्वळ पाणी म्हणजे एसीचं, त्याला कुणी शिव्या देऊ नयेत. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, आठवड्याला बघायची, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराचा फरक असतो. जमिनीवर डाग ताटाएवढा आणि डिपस्टिकवर केसभर फरक, असं सर्रास होतं. चमचाभर तेल फार मोठं नाटक करतं.

पुठ्ठा सांगत होता, थेंब गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्याखाली. तो घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी खाली डोकं घातलं, बोट फिरवलं, वास घेतला आणि निकाल दिला, “साहेब, मागचं क्रँक सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” (क्रँक सील म्हणजे इंजिनचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथे तेल अडवणारी रबरी कडी.) सील काही शेकड्यांचं, मजुरी काही हजारांची, वर “खोललंच आहे तर क्लचप्लेट पण टाकून घेऊ.” इंजिनवर एवढा चिखल आणि चिकट मळ साचलेला, की त्यात मेथी उगवली असती. मी विचारलं, आधी धुऊन बघूया का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ऑपरेशन थिएटरमध्ये रांगोळी काढायला परवानगी मागितलीय.

माझी खरी तक्रार इथेच आहे. खोलायला सगळे तयार, धुवायला कुणी तयार नाही. तेल जिथे टपकतं तिथून ते निघालेलं नसतं. ते वरून खाली येतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सर्वांत खालचं टोक गाठून थेंब होतं. आडव्या बसवलेल्या इंजिनात टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगच्या मागच्या कडेतून पाझरलेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून, कुणालाही न दिसता, नेमकं त्या सांध्यापर्यंत उतरतं. बदनाम मात्र मागचं सील होतं. म्हणून शोधायची सर्वांत उंच ओली जागा. सर्वांत ओली नव्हे.

मग मीच धुतलं. इंजिन गार, अल्टरनेटर आणि वायरिंगच्या सॉकेटना प्लॅस्टिकच्या पिशव्या, डीग्रीझर, जुना ब्रश, पाण्याची धार हलकी. जोरदार फवारा मारणाऱ्यांच्या गाड्या दुसऱ्या दिवशी सुरू होत नाहीत, आणि मग ते वेगळ्या मिस्त्रीला भेटतात. पूर्ण वाळल्यावर संशयाच्या जागांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवलं, एक छोटी फेरी मारली, आणि टॉर्च व दाढीचा आरसा घेऊन बसलो. आधी ऑइल फिल्टर (जुन्याचं रबर चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा बसवला तर गळतोच), मग चेंबरचा (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट आणि त्याचा वॉशर, मग ऑइल प्रेशर स्विच. तिन्ही कोरडे. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याखाली पावडरीत मात्र एक ओली, तपकिरी वाट उमटली होती. पाठीमागून काका म्हणाले, “फाउंडेशन ठीक आहे. वरून सांडतंय.” ते कधी येऊन उभे राहिले होते, देव जाणे.

पॅकिंग बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात कोंडलेली हवा बाहेर काढणारी झडप) काढून कानाशी हलवावा. बऱ्याच गाड्यांतला खुळखुळतो. न खुळखुळणारा मळाने अडकलेला असतो, आतली हवा कोंडते आणि तेल सापडेल त्या सीलमधून बाहेर ढकलते. तो तसाच ठेवून नवं पॅकिंग टाकलं तर तेही गळेल. इंजिन संथ चालू असताना तेलाचं झाकण सैल करून नुसतं टेकवून ठेवावं. ते थयथय नाचून धूर फेकू लागलं तर पिस्टन रिंगांपर्यंत प्रकरण गेलेलं असू शकतं. माझा व्हॉल्व्ह मुका होता (तसाच ठेवला नाही), झाकण शांत होतं. जुनं पॅकिंग निघालं ते पापडासारखं, वाकवलं की कटकन मोडणारं. नवं बसवताना खाच पुसून कोरडी करायची, सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत मसुराएवढं. सढळ हाताने लिंपलेलं सिलिकॉन आत तुटून चेंबरच्या जाळीत अडकतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत. साधारण १० न्यूटन-मीटर पिळाने, म्हणजे मनगटाने, खांद्याने नव्हे.

आठ दिवस पुठ्ठा कोरडा आहे. डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवला, कपड्यांच्या पावडरने घासला, तो फिका झाला. ५०० रुपये मात्र परत मिळणार नाहीत, कारण सेक्रेटरींच्या मते तो दंड गळतीचा नसून डागाचा होता.

काल दुपारी एसी लावून घरी आलो. दहा मिनिटांनी बाल्कनीतून पाहिलं तर काका गाडीशेजारी उकिडवे बसलेले. पाण्याच्या छोट्या थारोळ्याभोवती नवी रेघ, तारीख टाकून.

“काका, ते एसीचं पाणी आहे!” मी वरून ओरडलो.

“स्वच्छ आहे,” त्यांनी खालूनच सांगितलं. “पण नोंद हवी.”