९० किलोंचा फॉरवर्ड आणि मांडीवरची दांडी

गोव्यात म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेचे पाळणे उभे राहू लागले की एक जुना फॉरवर्ड हमखास डोके वर काढतो. यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या आला आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्याही आला. मजकूर थोडक्यात असा: ९० किलोंच्या वर वजन असलेल्यांना जगभर राइडवर बंदी आहे. पाळणे तुटतात ते जाड माणसांमुळेच. दांडी ‘कट्’ करून लागली की भीती नाही, तेव्हा जरा पोट आत ओढून बसावे. जत्रेतल्या पाळण्याला अट नसते, म्हणजे तो सगळ्यांना चालतो. आणि ज्यांना बसायला मिळत नाही त्यांनी पार्कवर चिडण्याऐवजी आधी वजन उतरवावे. खाली हात जोडलेले इमोजी.

बंदी आहे म्हणायचे आणि पोट आत ओढून बसा असेही सांगायचे, हे एकाच मजकुरात कसे जमते ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण ग्रुपवर लोक त्याला अंगठे देत होते, म्हणून हे सविस्तर.

आधी तो ९० चा आकडा. असा जागतिक आकडा अस्तित्वातच नाही. प्रत्येक राइडची मर्यादा तिचा उत्पादक ठरवतो आणि ती त्या यंत्राच्या पुस्तिकेत असते. बहुतेक ठिकाणी प्रश्न किलोंचा नसतोच. दांडी, पट्टा किंवा खांद्यावरून येणारे जाड कवच अंगावर कुठे टेकते, याचा असतो. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये २०२३ साली मारिओ कार्टची राइड सुरू झाली. वेग म्हणाल तर आपल्या टॉय ट्रेनच्या पंगतीत बसेल. तरी पार्कने आधीच जाहीर केले की कंबरेचा घेर ४० इंच किंवा जास्त असेल तर कदाचित बसता येणार नाही. वजनाचा उल्लेख नाही, घेराचा आहे. त्याच वर्षी फ्लोरिडात डिस्नेने ट्रॉन नावाची राइड उघडली. तिथे मोटरसायकलवर वाकल्यासारखे बसायचे आणि मागून पोटऱ्यांवर दांडी येते. तिथे अडले ते जाड पोटऱ्यांचे लोक, आणि त्यात सायकलिंग करून पोटऱ्या कमावलेलेही आले. त्यांना काय वजन उतरवायला सांगणार?

गोव्यातली बरीच मंडळी सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातात, म्हणून तिथलेच उदाहरण घेऊ. ‘नायट्रो’ हा तिथला मोठा रोलर कोस्टर स्विस कंपनी बोलिगर अँड मॅबिलार्डने बनवलेला आहे. पायाखाली जमीन नाही, खांद्यावरून कवच खाली येते आणि त्या कवचाचा पट्टा सीटच्या पुढच्या टोकाला अडकतो. म्हणजे कसोटी तो पट्टा पोहोचतो की नाही ही. रुंद छातीचा पैलवान ८५ किलोंचा असून अडकेल आणि सगळे वजन मांड्यांत असलेली ९५ किलोंची बाई आरामात बसेल. याच कंपनीच्या परदेशांतल्या कित्येक कोस्टरांवर ठरावीक रांगांत दोन पट्टे लावलेल्या सीट असतात, मोठ्या अंगाच्या लोकांसाठी. काही राइडवर फार उंच माणसांनाही नकार मिळतो, पण त्यांच्यावर कुणी फॉरवर्ड लिहीत नाही.

वजन खरोखर मोजावे लागते अशा गोष्टीही आहेत, ते नाकारून चालणार नाही. गोव्यातल्याच मये तळ्यावर बंजी जंपिंग आहे. तिथे आधी काट्यावर उभे करतात, कारण दोर माणसाच्या वजनाप्रमाणे निवडायचा असतो. आणि तिथे कमाल मर्यादेइतकीच किमान मर्यादाही पाळतात; काडीपैलवानालाही परत पाठवतात. पाण्याच्या घसरगुंडीवरच्या तराफ्यांना एकूण वजनाची अट असते. पण तिथेही नुसती बेरीज पुरत नाही. कॅन्सस सिटीच्या व्हेरुक्ट या अतिउंच घसरगुंडीवर २०१६ साली १० वर्षांचा मुलगा दगावला. तराफ्यावरच्या तिघांचे एकत्र वजन लिहून ठेवलेल्या मर्यादेच्या आत होते. हलका मुलगा पुढे, दोन मोठी माणसे मागे, आणि तराफा हवेत उडाला. पुढे खटल्यात बोट ठेवले गेले ते मुळातल्या आराखड्यावर.

जाड माणसांमुळे पाळणे तुटतात, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याने खऱ्या दोषींना मोकळी वाट मिळते. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखी झुलणारी राइड मधूनच तुटून खाली आली, दोघांचा जीव गेला. चौकशीचा रोख देखभालीवर होता आणि अटक झाली ती राइड चालवणाऱ्यांना. लोखंड कंटाळते ते गंजाने, झिजेने आणि सांध्यांत पडलेल्या बारीक चिरांनी. नव्या राइडची चाचणी प्रत्येक सीटवर पाण्याने भरलेले पुतळे बसवून घेतात. एक सीट २० किलो जड झाली म्हणून जो सांगाडा मोडेल, त्यात मी माझ्या ४० किलोंच्या भाचीलाही बसवणार नाही.

आता ते ‘कट्’. याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण इथे फॉरवर्ड ऐकणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

२४ मार्च २०२२ रोजी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत एका उंच मनोऱ्यावरून सोडणाऱ्या राइडवर १४ वर्षांचा मुलगा बसला. उत्पादकाच्या पुस्तिकेत कमाल वजन १३० किलो लिहिले होते. तो त्याहून बराच जड होता. कवच खाली आले, कुलूप लागले, दिवा लागला. सगळे ‘कट्’ झाले. तपासात निघाले की त्याच्या सीटचा सेन्सर हाताने सरकवून ठेवला होता, त्यामुळे कवच आणि सीट यांत नेहमीपेक्षा मोठी फट राहूनही यंत्राला ते बंद वाटले. राइड खाली येताना ब्रेक लागला आणि मुलगा त्या फटीतून निसटला. कवच तेव्हाही बंदच होते. कवचापासून सीटपर्यंत जाणारा साधा पट्टा त्या राइडला नव्हता.

२००४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एक माणूस कोस्टरवरून पडला, तेव्हाही दांडी लागलेली होती. फक्त ती मांड्यांवर न बसता पोटावर अडकली होती. शरीराचा हा साधा हिशेब आहे. मांडीच्या वर दांडी बसली की तिच्याखाली हाड असते आणि माणूस वर उचलला जात नाही. पोट मऊ असते. गाडी टेकडीवरून खाली झेपावली की पोट सरकते, दांडीखाली जागा होते आणि अंग सुटते. श्वास सोडून, पोट आत ओढून, दोन पोरांनी वरून जोर लावून जी दांडी लागली, ती पहिल्या वळणावर श्वास घेतला की लगेच पोटावर येते. तेव्हा पार्श्वभाग सीटच्या मागच्या भागाला टेकवून बसावे, दांडी मांड्यांवर येते का बघावे, आणि कर्मचाऱ्याला गुडघा लावून ढकलावे लागत असेल तर उतरावे. तो ढकलत असेल तरीही.

जत्रेच्या पाळण्याला अट नसते म्हणे. फलक नसतो, एवढेच खरे. बोडगेश्वराला आकाशपाळण्याच्या पायथ्याशी थोडा वेळ उभे राहून बघा. पाळणेवाला एक पाळणा भरतो, चाक अर्धे फिरवतो, मग समोरचा भरतो. आमच्या शेजारच्या काकी नातवाला घेऊन चढायला गेल्या, तर तो म्हणाला, “मावशी, आप इसमें नहीं, अगले में.” काकींना राग आला. पण पलीकडच्या बाजूला त्याने चौघा बाप्यांना बसवले होते, त्यांच्या समोर त्याला भार हवा होता. वजनाचा विचार तो आपल्यापेक्षा जास्त करतो, फक्त मनातल्या मनात. हळू फिरणाऱ्या चाकाला तेवढे चालते. त्याच मैदानातल्या गरगर फिरणाऱ्या ब्रेक डान्सला किंवा झुलत्या जहाजाच्या कोलंबसला ते लागू नाही. तिथे दांडीची खीळ नीट बसली आहे का, साखळीला कडी आहे की तारेचा तुकडा, हे बारीक असो की जाड, प्रत्येकाने स्वतः हात लावून बघावे.

राहिले वजन उतरवण्याचे. उतरवा, डॉक्टर सांगत असतील तर जरूर. पण पार्क हात झटकू शकत नाही. युनिव्हर्सलने २०१० मध्ये ऑर्लँडोत हॅरी पॉटरची राइड उघडली, तेव्हा मोठ्या अंगाच्या कितीतरी लोकांना रांगेच्या शेवटी सगळ्यांसमोर परतावे लागले. मग काही सीट बदलून घेतल्या, आणि बाहेर बसून बघायला एक सीट आहेच. टेक्ससमध्ये २०१३ च्या अपघातानंतर कोस्टर पुन्हा सुरू करताना दांडीची गादी बदलली, पट्टे जोडले आणि दाराशी तशीच सीट ठेवली. आपल्याकडे तिकीट फाडल्यावर, तासभर उन्हात उभे राहिल्यावर, पोरांच्या देखत “आप नहीं बैठ सकते” ऐकायला मिळते. तिकीटखिडकीपाशी सेंटिमीटरमध्ये लिहिलेला एक फलक आणि एक जुनी सीट मांडायला किती खर्च येतो?

तोवर निघण्याआधी फोन करून विचारा, आणि विचारताना पँटीचा नंबर सांगू नका. पँट बहुतेकांची पोटाच्या खाली असते. खुर्चीत बसून, बेंबीवरून टेप फिरवून जो आकडा येतो तो सांगा. उभ्याने मोजला तर तो कमी भरतो.