म्हणे, घटना कुणाला विचारून केली!

आज संविधान दिन. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून शुभेच्छांची रांग लागली होती आणि मधेच आमच्या विंगमधल्या एका काकांचा मेसेज: "शुभेच्छा कसल्या देताय? ही घटना जनतेला विचारून केली होती का? सार्वमत घेतलं होतं का?" खाली पटापट अंगठे. माझं डोकंच फिरलं.

आधी काकांविषयी. नवे बायलॉज, म्हणजे सोसायटीची नियमावली, स्वीकारायची आमची सर्वसाधारण सभा होती. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग त्याच गच्चीवर तेवढ्याच डोक्यांत पुन्हा सुरू. सेक्रेटरींनी ते जाडजूड पुस्तक वर धरलं आणि विचारलं, "वाचून दाखवू?" सगळे एका सुरात, "नको, नको." अनुमोदक कोण? हेच काका. सर्वानुमते मंजूर, आणि लगेच बटाटेवडे. पुढे दुसऱ्या गाडीच्या पार्किंगचं बिल आलं तेव्हा हेच जिन्यात उभे राहून ओरडत होते, "हा नियम केला कुणी?"

आणि यांना सार्वमत हवंय!

अहो, मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये छापून लोकांपुढे ठेवला होता. सूचना आल्या, हरकती आल्या. संविधान सभेत ७६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या, त्यातल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेब तब्येत बरी नसताना उभे राहून कलमामागून कलम लढवत होते. आमच्याकडे एका माणसालाही पान उलटावंसं वाटलं नाही.

संविधान सभेतली १७ ऑक्टोबर १९४९ ची चर्चा काढून वाचा एकदा. ह. वि. कामतांची दुरुस्ती होती की उद्देशिकेची, म्हणजे घटनेच्या प्रस्तावनेची, सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. आसामचे रोहिणी कुमार चौधरी म्हणतात, देवच का, देवी का नको? पूर्णिमा बॅनर्जी कळवळून सांगतात की ईश्वराला मतदानाला लावू नका. कामत हटत नाहीत. शेवटी मतं मोजली: बाजूने ४१, विरुद्ध ६८. तेव्हाच्या भारतात, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, देवाचं नाव मताला पडतं, हरतं, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. कामत चिडले, पण सभागृह सोडून गेले नाहीत. आमच्या सभेत लिफ्टच्या रंगावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे.

बरं, मान्य. संविधान सभा प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. १९४६ च्या प्रांतिक विधिमंडळांनी सभासद पाठवले, आणि त्या विधिमंडळांना मत देणारे मूठभरच होते. पण हा शोध काकांचा नाही. त्याच सभेचे एक सभासद दामोदर स्वरूप सेठ यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये सभागृहातच उभं राहून हेच सुनावलं होतं. ते छापलेलं आहे, कुणी दडवलेलं नाही. आणि प्रत्येक प्रौढाला, शिकलेला असो वा नसो, मत दिलं कुणी? याच घटनेने. त्याआधी सार्वमत घ्यायचं तर मतदार यादी कुठून आणणार होतात?

सार्वमताचं एवढंच कौतुक असेल तर चिलीकडे बघा. २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभेने ३८८ कलमांचा मसुदा दिला, लोकांनी सुमारे ६२ टक्क्यांनी फेटाळला. २०२३ मध्ये दुसरा मसुदा आला, तोही फेटाळला. लोकांचा हक्कच आहे तो, तक्रार नाही. पण मागे उरली कुठली घटना? हुकूमशहा पिनोशेच्या काळातली, १९८० ची. कितीतरी वेळा बदललेली, पण तीच. आणि ती कशी मंजूर झाली होती? सार्वमताने! मतदार यादीसुद्धा नव्हती तेव्हा. हो की नाही, एवढं एकदा विचारलं म्हणजे जनतेला विचारलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी यावर जरा बोलावं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, म्हणून काकांची दुसरी बाजूही सांगते. पार्किंगच्या भांडणानंतर बायलॉजचं ते पुस्तक ते घरी घेऊन गेले. पेन्सिलीने खुणा केल्या, पानांत बसची तिकिटं घातली, आणि पुढच्या सभेत कमिटीला असा घाम फोडला की विचारू नका. कमिटीने सभेपुढे न ठेवताच दर वाढवले होते, हे त्यांनीच पकडलं. पैसे परत मिळाले. मलाही मिळाले, खोटं कशाला बोलू.

तर काका, तीच पेन्सिल घ्या. अनुच्छेद ३६८ पासून सुरुवात करा, घटना बदलायची रीत तिथेच दिली आहे, आणि शंभराहून जास्त वेळा ती वापरलीही गेली आहे. वाचून झाल्यावर भांडायला या, चहा मी करते.

हे ग्रुपवर टाकणार होते, पण ॲडमिनने 'राजकीय पोस्ट चालणार नाही' असा नियम केलाय. काकांचा मेसेज अजून तसाच आहे, मला मात्र ताकीद आली. हा नियम कुठल्या सभेत मंजूर झाला, ते जरा कळवा कुणीतरी.