अल्बम नंतर ऐका, आधी स्क्रीनशॉट टाका

लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा 'फ्रॉम झिरो' आला. १५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. सात वर्षांनी अल्बम, गायिका नवी, ड्रमर नवा, आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर जनता मात्र तीच जुनी. त्या दिवशी सकाळी नऊ ते रात्री नऊ १४३ मेसेज पडले. त्यात अल्बम ऐकून लिहिलेले किती हे मी बसून मोजले. तीन. त्यातला एक 'कानाला दडा बसलाय, उद्या ऐकतो' असा होता.

उरलेले १४० रिव्ह्यू. लंडनचं अमुक काय म्हणतंय, न्यूयॉर्कचं तमुक काय म्हणतंय, कुणाचे किती स्टार. तर हे काम मनापासून करणाऱ्या आणि अजून मनापासून करू इच्छिणाऱ्या सगळ्या अभ्यासू चाहत्यांसाठी माझ्याकडून चार गोष्टी. अनुभवाच्या आहेत, फुकट देतोय.

सगळ्यात आधी, ऐकायची घाई करू नका. अल्बम आहे बत्तीस मिनिटांचा. अकरा गाणी, त्यातलं पहिलं म्हणजे वीस-बावीस सेकंदांचा इंट्रो, आणि चार गाणी सिंगल म्हणून आधीच बाहेर आलेली. म्हणजे नवीन असं ऐकायचं जेमतेम वीस मिनिटांचं. आता वीस मिनिटं कुठनं काढणार माणूस? दिवाळीनंतरची कामं, त्यात २० तारखेला मतदान, गल्लीत दर पाच मिनिटाला 'ताई माई अक्का'ची रिक्षा. त्यापेक्षा तीन तास काढा आणि रिव्ह्यू शोधा. ते जमतं.

मग आकडा. आकड्याशिवाय काही खरं नाही. मेटाक्रिटिक, म्हणजे सगळ्यांचे रिव्ह्यू गोळा करून शंभरात एक आकडा देणारी साइट, उघडा आणि उघडंच ठेवा. आपल्याला सवय आहे त्याची. ऑगस्टमध्ये पाऊस लागला की कसं आपण सांगलीकर दर तासाला एकमेकांना विचारतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती झालं? चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि कुणी म्हणालं दोन इंचानं उतरलं की अख्खा गावभाग सुटकेचा श्वास सोडतो. तसंच इथं. सकाळी आकडा टाका, दुपारी टाका, एका पॉइंटानं उतरला की 'उतरतोय रे' म्हणून टाका, रात्री झोपायच्या आधी एकदा टाका. फरक एवढाच की आयर्विनची पट्टी खरंच पाण्यात उभी असते. इकडं पाच स्टारवाल्याचे तीन म्हणजे साठ, एबीसीडी ग्रेड देणाऱ्याचं आणखी काहीतरी, असं करून सगळ्यांचं शंभरात रूपांतर करायचं, वर कुठल्या मासिकाला जास्त वजन आणि कुठल्याला कमी हे ती साइट कुणालाच सांगत नाही. अडत दुकानात असा काटा ठेवला असता तर शेतकऱ्यानं दुकान पेटवलं असतं. पण आपण अभ्यासू लोक, आपण विचारायचं नाही.

(आकडा मीपण बघितला. खोटं कशाला बोलू. चारदा.)

दशांश चिन्ह असलं तर सोन्याहून पिवळं. पिचफोर्क या अमेरिकन रिव्ह्यूच्या साइटवाले दहापैकी ७.३ आणि ७.४ असे वेगवेगळे मार्क देतात, त्यामधला जो ०.१ आहे त्यावर तुम्ही किमान चाळीस मेसेज लिहू शकला पाहिजे. याच पिचफोर्कनं २००६ ला जेट नावाच्या बँडच्या अल्बमला ०.० दिला होता आणि रिव्ह्यू म्हणून एक शब्द न लिहिता माकडाचा व्हिडिओ चिकटवला होता, माकड स्वतःच्याच तोंडात मुततंय असा. आणि याच पिचफोर्कनं २०२१ ला स्वतःचेच १९ जुने अल्बम काढून मार्क बदलले. बारावीला रिचेकिंगला पेपर टाकावा आणि बोर्डानंच म्हणावं, हो हो, तेव्हा आमचं जरा चुकलं. पण तुम्ही मात्र आज सकाळी आलेला दशांश दगडावर कोरून ठेवा.

इमोजी: आगीच्या तीनच. चौथी टाकली की माणूस उथळ वाटतो.

रिव्ह्यू पूर्ण वाचू नका. हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय कारण काही नवखे लोक लिंक उघडतात. उघडायची नसते. मथळा आणि स्टार, बास. आमच्या एका परममित्रानं (नाव घेत नाही, त्याची बायको माझ्या बायकोच्या भिशीत आहे) परवा एका परदेशी मासिकाचा स्क्रीनशॉट टाकला, भाषा कुठली ते मला कळेना, त्याला पण कळेना, अक्षरांच्या डोक्यावर टिंबं होती एवढंच, पण खाली चार स्टार दिसत होते. त्यावर खाली अकरा जणांनी अंगठे दिले. एकजण म्हणाला, 'युरोपातले क्रिटिक जास्त मॅच्युअर असतात.'

वाक्य कापायची कला पण शिकून घ्या. समजा कुणी लिहिलंय की सुरुवात दमदार आहे पण शेवटाकडं दम संपतो. आवडता बँड असेल तर 'पण'च्या अलीकडं कात्री, नावडता असेल तर 'पण'च्या पलीकडं. एकाच रिव्ह्यूवर दोघांचं पोट भरतं, अन्न वाया जात नाही.

रिव्ह्यू चांगला आला तर ते मासिक प्रतिष्ठित. वाईट आला तर विकलं गेलेलं. मासिक तेच असलं तरी चालेल, आठवडा बदलला पाहिजे फक्त.

आणि इतिहास माहीत करून घेऊ नका, त्यानं उत्साह मावळतो. उगाच कुणीतरी येऊन सांगतो की रोलिंग स्टोन मासिकानं १९६९ ला लेड झेपलिनच्या पहिल्याच अल्बमला धुतलं होतं, १९७० ला ब्लॅक सॅबथच्या पहिल्याला धुतलं, आणि १९९१ ला निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'ला आले कसेबसे तीन स्टार. तेव्हा समजा आपल्यासारखे अभ्यासू चाहते असते आणि प्रत्येकानं स्टार बघूनच कॅसेट घेतली असती तर? तर काय, आज आपल्या टीशर्टवर दुसरं काहीतरी असतं.

हळदीच्या सौद्यात बसलाय का कधी? मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो, रोज डोळ्यासमोर आहे. व्यापारी येतो, ढिगात हात घालतो, एक हळकुंड उचलतो, काडकन मोडतो आणि आतला रंग बघतो. मग पुढचा ढीग, परत मोडतो. बोटं पिवळी झाल्याशिवाय भाव बोलत नाही. वीस वर्षं खरेदी करणारा माणूस, गावचं नाव ऐकून माल सांगू शकेल, तरी मोडून बघतो. अजूनपर्यंत मी असा एक व्यापारी बघितलेला नाही जो ढिगासमोर उभा राहून मोबाईल काढतो आणि म्हणतो, थांबा, निजामाबादचे लोक या हळदीला किती स्टार देतायत बघू. हाकलून देतील लेकाला.

आणि दहा किलोमीटरवर मिरज आहे. उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला गाणं चालतं, तिथं शेजारी बसलेला म्हातारा कुणाला काही विचारत नाही. आवडलं तर मान हलवतो, नाही आवडलं तर उठून चहाला जातो. झाला रिव्ह्यू. नाट्यपंढरी म्हणून आपण जी सांगली मिरवतो ना, ती पण अशाच लोकांनी केलीय, समोर बसून नाटक डोक्यावर घेणाऱ्यांनी नाहीतर पाडणाऱ्यांनी. मुंबईच्या पेपरात काय येतंय याची वाट बघत बसले असते तर पडदाच उघडला नसता.

हां, मी कुठं होतो. टिपा.

'ओव्हररेटेड' शब्द खिशात ठेवा, कुठंही चालतो.

दुसऱ्याला ऐकू देऊ नका. ही सगळ्यात महत्त्वाची. मी त्या दिवशी ठरवलेलं होतं, दिवसभर काही ऐकायचं नाही, रात्री एकट्यानं निवांत. त्रिपुरी पौर्णिमा होती, बायकोला पोरीला घाटावर दिवे लावायला सोडलं, आणि मी आयर्विनच्या कठड्याला टेकून हेडफोन लावले. खाली कृष्णेत दिवे सोडलेले, वर पूर्ण चंद्र, कानात बावीस सेकंदांचा इंट्रो. असा सेटअप मला परत मिळणार नाही. तिसरं गाणं 'कट द ब्रिज' लागलं तेव्हा मला हसू आलं, म्हटलं पुलावर उभा राहून हेच लागायचं होतं. आणि तेवढ्यात डोक्यात काय यावं? 'एका क्रिटिकच्या मते तिसरं गाणं म्हणजे जुन्या गाण्याची झेरॉक्स आहे.' सकाळी ११:४० चा स्क्रीनशॉट. पुढचं गाणं, पुढचा स्क्रीनशॉट. सहाव्या गाण्यात ती नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग अशी काही ओरडते की पुलावरच्या माणसानं दोन पावलं मागं सरकावं, आणि मी विचार करतोय की याला त्या टिंबवाल्या मासिकानं काय म्हटलं असेल. आठव्यात बँडचा डीजे जो हान याचं रेकॉर्डवरचं स्क्रॅचिंग सुरू झालं, २००१ च्या होस्टेलच्या खोलीतला वास आला मला, खरंच आला, ओल्या टॉवेलचा आणि मॅगीचा, आणि त्याच्यावर लगेच कुणाचं तरी वाक्य येऊन बसलं की हे 'नॉस्टॅल्जियाचं भांडवल' आहे. अरे माझा नॉस्टॅल्जिया, माझं भांडवल, तुझ्या काय बापाचं जातंय? बत्तीस मिनिटं संपली आणि मला विचारलं असतं कसा वाटला तर मला सांगता आलं नसतं. बारा लोकांना कसा वाटला ते सांगितलं असतं.

२००१ ला आमच्याकडं त्यांच्या पहिल्या अल्बमची, 'हायब्रिड थिअरी'ची कॅसेटवरून कॅसेटवर केलेली कॉपी होती. अमेरिकेत त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेला अल्बम होता तो, हे आम्हाला कैक वर्षांनी कळलं. तेव्हा रिव्ह्यू यायचे कुठनं? मिरज स्टेशनवर कधीतरी इंग्रजी मासिक मिळायचं, ते पण दोन महिने शिळं. मग भांडायचं असलं की ऐकूनच भांडावं लागायचं. शेवटचं गाणं भारी की आठवं यावर दोघंजण एकमेकांशी चार दिवस बोलत नव्हते. त्यातला एक आज स्टार टाकतोय ग्रुपवर.

आता टिपा बास. कारण मला जे बोलायचंय ते टिपेत बसत नाही.

मे २०१७. त्यांचा 'वन मोर लाइट' आला, १९ तारखेला. आठवतंय ना सगळ्यांना काय चाललं होतं ते? पॉप झाले, विकले गेले, संपले. एकापेक्षा एक घाण रिव्ह्यू आणि आपण ते हसत हसत इकडून तिकडं. जितका रिव्ह्यू खवचट तितके अंगठे जास्त. त्यातला एक मी टाकला होता. माझ्या हातानं. वर लिहिलं होतं, 'आरआयपी लिंकिन पार्क', आणि हसणारी इमोजी. अल्बम मी ऐकला नव्हता. एक गाणं पण नाही. स्टार बघितले होते.

२० जुलैला त्यांचा गायक चेस्टर गेला, स्वतःच जीव देऊन. दोन महिने आणि एक दिवस.

रिव्ह्यूमुळं गेला असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं हलकटपणा होईल, त्याची दुखणी जुनी होती आणि ती त्यानं स्वतः कधी लपवली नाहीत. मी आपलं बोलतोय. त्या रात्री मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला, अख्खा, आणि माझाच मेसेज वर स्क्रोल करून शोधून काढला, आणि डिलीट करायला गेलो तर त्या फोनवर ती सोयच नव्हती. ग्रुपवर तोवर सगळ्यांचे डीपी काळे झालेले. ज्यानं मेमध्ये दहा स्क्रीनशॉट टाकलेले त्यानंच जुलैत मेणबत्ती टाकली आणि लिहिलं, 'शेवटचा अल्बम किती खोल होता ना.' खोल? तुला कळला कधी तो खोल आहे ते, दोन महिने तर तू काठावर बसून दगड मारत होतास. मीपण मारत होतो, म्हणून तर बोलतोय.

आणि आता परत तेच. नवी मुलगी उभी राहिलीय त्या जागेवर, केवढं ओझं घेऊन, आवडेल नाही आवडेल, ते तुझं तू ठरव, तुला नाही आवडली तर बिनधास्त बोल, शिव्या घाल, मी चहा पाजून ऐकून घेईन. पण तुझं बोल की रे. त्रेचाळीस वर्षांचा झालास, दोन पोरं आहेत, स्वतःचं वर्कशॉप आहे कुपवाडला, मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय का सांगतोस, आणि गाणं कसं आहे हे सांगायला तुला लंडनचा माणूस लागतो? लाज वाटत नाही? ते कान काय चष्म्याच्या काड्या अडकवायला दिलेत?

मी सोमवारी ग्रुपवर सरळ विचारलं, नववं गाणं कुणी ऐकलं, कसं वाटलं. निळ्या टिका अडतीस. अर्ध्या तासानं परममित्राचं उत्तर आलं.

'थांब, बघून सांगतो.'