पुडीवर औषधाचे नाव लिहायला काय जाते?

आज सकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये माझ्यापुढे उभ्या असलेल्या आजींना दुकानातल्या मुलाने स्ट्रिपमधून कापलेल्या चार गोळ्या कागदाच्या पुडीत दिल्या आणि "सकाळ-संध्याकाळ घ्या" एवढेच सांगितले. कापलेल्या तुकड्यावर नाव उरले नव्हते. मी हटकले, तर "साधी अंगदुखीची गोळी आहे हो" असे उत्तर मिळाले. साधी! अंगदुखीच्या गोळ्या, प्रतिजैविके आणि फिटची औषधे हीच तर गंभीर रिअॅक्शनची नेहमीची कारणे आहेत.

माझ्या आत्याला लघवीच्या संसर्गासाठी सल्फाची गोळी दिली होती, तीही साधीच. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला, डोळे चुरचुरू लागले, तोंड फोडांनी भरले. आम्ही घरचे शहाणे "उष्णता झाली" म्हणत तिला सब्जाचे पाणी पाजत राहिलो आणि गोळीही चालूच ठेवली. चौथ्या दिवशी तिच्या पाठीची कातडी चादरीला चिकटून निघाली. या आजाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात, हे आम्हाला अतिदक्षता विभागाच्या दारात कळले.

तिथल्या डॉक्टरांनी विचारले, पूर्वी कधी औषधाने त्रास झाला होता का? झाला होता. कितीतरी वर्षांपूर्वी गावच्या दवाखान्यातल्या पुडीने तिच्या अंगभर पुरळ उठले होते. त्या गोळ्या कोणत्या होत्या? "पांढऱ्या होत्या," एवढेच आत्याला सांगता आले.

औषध शरीरातल्या प्रथिनांना चिकटले की काहींची प्रतिकारशक्ती त्या जोडीला शत्रू समजते आणि मुख्य म्हणजे ते लक्षात ठेवते. पेनिसिलिनच्या बाबतीत ही ओळख अँटिबॉडींकडे असते, म्हणून पुढच्या वेळी काही मिनिटांत घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो आणि मांडीत अॅड्रिनॅलिन टोचावे लागते. आत्याच्या आजारात टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाईच, स्वतःच्याच त्वचेवर तुटून पडतात. शरीर विसरत नाही, विसरतो तो आपला कागद.

पहिली रिअॅक्शन बहुतेक वेळा कोणालाच आधी ओळखता येत नाही, हे मान्य. फिटच्या कार्बामाझेपिनसाठी एक जनुकीय तपासणी आहे, पण प्रत्येक गोळीसाठी तशी सोय नाही. लहानपणीच्या पुरळावरून जन्मभर पेनिसिलिनची अॅलर्जी मिरवणाऱ्या बहुतेकांना तपासणीअंती ती नसतेच, हेही खरे. पण मग नाव आणि तारीख लिहून ठेवणे अधिकच गरजेचे नाही का?

त्या मुलावर मी जरा जास्तच ओरडलो. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, मालक सांगतो तसे तो कापून देतो, आणि पूर्ण स्ट्रिप घेण्याएवढे पैसे आजींकडे नव्हते.

आत्या वाचली. तिच्या डोळ्यांतले पाणी मात्र कायमचे आटले, दर तासाला थेंब घालावे लागतात. तिच्या बटव्यात ठळक अक्षरांत "सल्फा चालत नाही" लिहिलेला पुठ्ठा असतो आणि तो ती दात दाखवायला गेली तरी आधी काढते. मघाशी फोनवर मी तिला सकाळचा प्रकार रागारागाने सांगितला, तेव्हा तिने एकच विचारले, "त्या बाईंना गोळीचं नाव लिहून दिलंस ना?"

मी भांडत असतानाच आजी निघून गेल्या होत्या.