ओळी दाट केल्या म्हणून मक्यातली हुमणी जात नाही

जून उजाडला की हा मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला: "मका अडीच फुटांऐवजी दीड फुटावर पेरा, दाट ओळीत हुमणी येत नाही. पेरताना एकरी १० किलो फोरेट ओळीत सोडा, अंतर कितीही असो. लष्करी अळीही त्यातच मरते." खाली ओंजळभर पांढऱ्या अळ्यांचा फोटो. (हुमणी म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणारी, भुंगेऱ्याची पांढरी अळी.)

फोरेट हे दाणेदार कीटकनाशक; त्याचं आधी उरकतो. केंद्राच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. कुणाच्या गोठ्यात जुनी पिशवी पडली असेल तरी ती वापरायची नाही.

आता "अंतर कितीही असो". खरी गोम इथेच आहे, कारण ही चूक फोरेटपुरती नाही, ओळीत सोडायच्या कुठल्याही दाणेदार औषधाला ती लागू होते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. अडीच फुटी ओळींची एकरातली एकूण लांबी भरते १७,४२४ फूट; दोन फुटी ओळींची २१,७८०; आणि दीड फुटी ओळींची २९,०४०. तेच १० किलो औषध अडीच फुटांवर हजार फूट ओळीला ५७४ ग्रॅम पडतं, दीड फुटावर जेमतेम ३४४. म्हणजे ४० टक्के कमी. अळीला एकर कळत नाही, तिला मुळाशेजारी काय पडलंय तेवढंच भेटतं.

मग दीड फुटाला पावणेसतरा किलो टाकायचं का? तसंही नाही. आपल्याकडे लेबलवर मात्रा हेक्टरी असते आणि ती ओलांडायची नसते. अमेरिकेत मक्याची मुळं खाणाऱ्या अळीसाठीच्या अनेक औषधांवर मात्रा हजार फूट ओळीमागे लिहितात; तिथलं नेहमीचं अंतर ३० इंच, म्हणजे आपलं अडीच फूटच. ओळी जवळ आणल्या की एकरी कमाल मर्यादा तिथेही आडवी येते. अंतर कमीच करायचं असेल तर मक्यासाठी शिफारस असलेली बीजप्रक्रिया, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला औषध लावणं, बरी. तिची मात्रा बियाण्यामागे असते, त्यामुळे ओळ कुठेही असली तरी दाण्यागणिक औषध तेवढंच जातं. मात्र तिचा जोर रोपावस्थेपुरता. ऑगस्टमधल्या मोठ्या हुमणीला ती पुरत नाही.

दाट ओळीत हुमणी येत नाही, हे कुठून आलं देव जाणे. वळवाचा किंवा पहिला चांगला पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, बांधावरच्या कडुनिंब-बाभळी-बोरीवर पाला खात बसतात आणि ओलसर मातीत अंडी घालतात. तेव्हा तुमचा मका एक तर पेरलेला नसतो, नाही तर बोटभर असतो. ओळी मोजणार कोण? त्या आठवड्यात रात्री फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा, प्रकाश सापळा लावा. कामाला येतं ते हेच.

उलट दीड फुटी ओळींत रोपांतलं अंतर २० सेंटिमीटरच ठेवलं तर एकरी सुमारे ४५ हजार झाडं होतात. ताटं बारीक राहतात, आणि मुळं कुरतडलेलं बारीक ताट वाऱ्याला आधी लोळतं. शिवाय बैलाचं कोळपं चालत नाही. कोळपणी आणि मातीची भर दिली की अळ्या वर येतात, बगळे-मैना मागे लागतात, आणि बुडख्याला आधाराची नवी मुळं फुटतात. ते सगळं हातचं जातं.

लष्करी अळीबद्दल फार लिहायला नको. तिचा पतंग पानावर अंडी घालतो आणि अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, शिरते. मातीत जाते ती कोषात जायला. ओळीत औषध सोडून तिच्यावर भरवसा ठेवण्याजोगं नियंत्रण मिळत नाही, पोंगे तपासावे लागतात.

राहिला फोटो. त्यातल्या अळ्या अंगठ्याएवढ्या जाड आहेत आणि मागे शेणखताचा ढीग दिसतोय. त्या बहुधा गेंड्या भुंग्याच्या अळ्या. कुजकं शेण खातात, मक्याच्या मुळांना हात लावत नाहीत.