दोष पाण्याचा की शरीराचा? सिंहगड रोडकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सिंहगड रोडकर, नमस्कार.

'रोग म्हणजे नेमकं काय' या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते दोनदा नीट वाचलं. इतर वाचकांसाठी त्याचा गाभा इथे देतो. 2025 च्या जानेवारीत आपल्या भागात, म्हणजे पुण्याच्या सिंहगड रोड परिसरात, जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम: प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातापायांतली ताकद जाते असा आजार) साथ आली, तेव्हा तुमचे मेव्हणे आयसीयूत होते आणि अजून काठी घेऊन चालतात. मी लेखात म्हटलं होतं की जंतू शरीरात शिरणं वेगळं आणि रोग होणं वेगळं. बहुतेकांना काही होत नाही. त्यावर तुमचं म्हणणं: "ही पुस्तकी भाषा सोयीची आहे. पाणी घाण होतं, माणसं आडवी झाली, विषय संपला. शरीराच्या प्रतिसादाच्या गोष्टी सांगून तुम्ही दोष पेशंटच्या माथी मारताय आणि पाणी पुरवणाऱ्यांना मोकळं सोडताय." शिवाय तुम्ही विचारलंत की कारण जंतू होता तर डॉक्टरांनी अँटिबायोटिकवर भर का दिला नाही, आणि प्रतिकारशक्तीच बिघडली होती तर स्टेरॉइड का दिलं नाही.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

विकृतिशास्त्र, म्हणजे रोग शरीरात कसा घडतो याचं शास्त्र, शिकवताना मी मुलांना प्रत्येक रोगाबद्दल चार गोष्टी विचारायला लावतो. कशामुळे झाला? त्या कारणापासून रोगापर्यंत शरीरात काय काय घडत गेलं? पेशींच्या आणि अवयवांच्या रचनेत काय बदललं? आणि माणसाला त्याचा त्रास कसा जाणवला? पहिल्याला आम्ही रोगकारण म्हणतो, दुसऱ्याला रोगजनन. तुमच्या प्रतिक्रियेत या दोन्हींची सरमिसळ झाली आहे. ती बहुतेकांची होते, पण तिची किंमत मोठी असते.

या साथीत काही रुग्णांत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहतो. विष्ठेतून तो पाण्यात किंवा अन्नात गेला की माणसाला जुलाब होतात, पोटात मुरडा येतो, ताप येतो. बहुतेक लोक आठवड्याभरात बरे होतात. पण या जिवाणूच्या काही वाणांच्या बाहेरच्या आवरणावर जे साखर आणि चरबीचे रेणू असतात, ते आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच दिसतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करतं आणि तीच प्रतिपिंडं काही लोकांत स्वतःच्या मज्जातंतूंना जाऊन चिकटतात. हे सगळं व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे तुमच्या मेव्हण्यांच्या पायातली ताकद जायला लागली, तेव्हा जुलाब थांबलेले होते आणि जंतू बहुधा निघूनही गेला होता. जो हल्ला चालू होता तो त्यांच्याच प्रतिपिंडांचा. अशा वेळी अँटिबायोटिक कोणावर चालणार? म्हणून प्लाझ्मा (रक्तद्रव) बदलून ती प्रतिपिंडं काढून टाकतात किंवा आयव्हीआयजी देतात, म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून गोळा केलेली प्रतिपिंडं. दोन्हींचा उपयोग होतो हे 1985 आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं.

मग स्टेरॉइड का नाही? तुमचा तर्क चुकीचा नाही. प्रतिकारशक्ती अंगावर आली तर ती दाबायची, असं कोणत्याही हुशार डॉक्टरला वाटेल, आणि वाटलंही होतं. स्टेरॉइड देऊन पाहिलं गेलं. चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडने तर बरं होणं लांबल्याचंच दिसलं. इथे मला आमच्या शास्त्राचीही मर्यादा सांगायला हवी. रोग कसा घडतो हे कळलं की उपचाराची दिशा कळते, उपचार लागू पडेल याची खात्री मात्र मिळत नाही. ती पेशंटवर काटेकोर चाचणी करूनच मिळते. "याचं उत्तर कुणाकडेच नाही" असं तुम्ही लिहिलंत. उत्तर होतं. आयसीयूच्या दाराबाहेर ते तुम्हाला कुणी शांतपणे बसवून सांगितलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमचा खरा आरोप. कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्यांपैकी साधारण हजारात एकाला जीबीएस होतो. हे सांगणं म्हणजे त्या एकाच्या शरीराला दोष देणं, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं नेमकं उलट आहे, आणि त्यासाठी 1892 सालात जावं लागेल.

त्या वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गला कॉलरा आला. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कलकत्त्यात ओळखलेला होता, तरी म्युनिकचे मोठे आरोग्यतज्ज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांना जंतू एकटा कॉलरा घडवतो हे मान्य नव्हतं. आपलं म्हणणं सिद्ध करायला त्यांनी वयाच्या 73 व्या वर्षी कॉलऱ्याच्या जंतूंचं द्रावण पिऊन टाकलं. त्यांना थोडे जुलाब झाले, बाकी काही नाही. म्हणजे जंतू शिरला आणि गंभीर रोग झाला नाही. एवढं निरीक्षण खरं होतं. पण त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये एल्बे नदीचं न गाळलेलं पाणी पिणारी आठ हजारांहून जास्त माणसं कॉलऱ्याने मेली, आणि शेजारच्या आल्टोना शहराला, जे त्याच नदीचं पाणी वाळूच्या थरांतून गाळून पीत होतं, फारशी झळ लागली नाही. दोन्ही शहरं इतकी लागून की काही ठिकाणी मध्ये फक्त रस्ता. रस्त्याच्या दोन बाजूंच्या माणसांची शरीरं काही वेगळ्या मातीची नव्हती. वेगळं होतं ते पाणी.

म्हणून आम्ही म्हणतो की एखादं कारण रोग घडवायला एकट्याने पुरेसं नसेल, तरी त्याच्याशिवाय रोग होणार नाही असं ते असू शकतं. कुणाला रोग होईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणूनच पाणी सगळ्यांसाठी स्वच्छ असावं लागतं. हजारातला तो एक कोण, हे नळ सोडणाऱ्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. शरीराचा प्रतिसाद समजून घेतल्याने पाण्याची जबाबदारी एका थेंबानेही कमी होत नाही. उलट "विषय संपला" म्हटल्यानेच ती कमी होते. कारण मग समोरचा विचारतो, "पाणी खराब होतं तर सगळे का नाही आजारी पडले?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं. नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी भागात हाच प्रश्न किती जणांनी किती सभांत ऐकला असेल. त्याचं उत्तर रोगजननात आहे, आणि ते रहिवाशांच्या हातात असलं पाहिजे.

एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही, तरी लिहितो. आपल्याकडच्या साथीत सगळ्याच रुग्णांत एकच जंतू सापडला नाही. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर होता, काहींच्या नमुन्यांत नोरोव्हायरस. याने गोंधळून जाऊ नका. जीबीएस हे मज्जातंतूंवरच्या हल्ल्याचं नाव आहे, आणि तिथपर्यंत पोचायच्या वाटा अनेक आहेत. झिका विषाणूनंतरही तो झालेला आहे.

मेव्हण्यांच्या काठीबद्दल. मज्जातंतूवर मायेलिनचं वेष्टण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. हल्ला फक्त त्या वेष्टणावर झाला असेल तर ते पुन्हा तयार होतं आणि माणूस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतो. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंत अंतर किती, तुम्हीच मोजा. कॅम्पिलोबॅक्टरनंतरच्या जीबीएसमध्ये हा दुसरा प्रकार जास्त दिसतो. त्यांच्या फाइलमध्ये नर्व्ह कंडक्शनचा, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश कसा वाहतो त्या तपासणीचा, रिपोर्ट असेल. "वेष्टणाला इजा आहे की तंतूला?" एवढंच न्यूरॉलॉजिस्टना विचारा. तंतूला असेल तर सुधारणा मंद का, हे घरच्यांना कळेल आणि मेव्हणे कष्ट करत नाहीत असं कुणी म्हणणार नाही. फिजिओथेरपी मात्र अजिबात सोडू नका.

आणि तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा विहिरीचं पाणी अजून येत असेल तर सेक्रेटरींना रोज ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं आहे ते पाहणारी चाचणी, करायला सांगा. पाण्याच्या टाकीवर नाही, शेवटच्या घराच्या नळावर. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी तारखेसह नोंद करा, फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोपर्यंत पाणी उकळून प्या. उकळीत कॅम्पिलोबॅक्टर टिकत नाही.