डाळ आणि कडधान्य एकच कसं?

बाकी लेख चांगला आहे पण "लहान मुलांना डाळ आणि कडधान्य एकच म्हणून शिकवलं तरी चालतं" हे अजिबात पटलं नाही. उलट हा फरक मुलांना पटकन कळतो कारण तो डोळ्यांना दिसतो, हातात घेता येतो. शेंगा मळून जो अख्खा दाणा निघतो ते कडधान्य आणि तोच भरडून, साल काढून दोन दलं वेगळी केली की डाळ, म्हणजे डाळ शेतात पिकत नाही, ती जात्यावर नाहीतर डाळमिलमध्ये तयार होते. मी मुलांना अख्खे मूग आणि मुगाची डाळ वेगवेगळ्या वाट्यांत रात्रभर भिजवायला लावते आणि मग दोन्ही ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं, दीड-दोन दिवसांत मुगाला मोड येतात आणि डाळ नुसती फुगून आंबूस वास मारायला लागते. मग पोरं स्वतःच विचारतात असं का, तेव्हा सांगायचं की दोन दलांच्या मध्ये इवलासा कोंब असतो, भरडताना तोच तुटून जातो मग मोड येणार कुठून.

आणि रंगांचा घोळ तर लेखात आलाच नाही! मसूर बाहेरून तपकिरी पण डाळ केशरी, उडीद काळे पण डाळ पांढरी, त्यामुळे मुलांना ही वेगळीच धान्यं वाटतात. भिजलेला एक दाणा नखाने सोलून दाखवा, बालवाडीतल्या पोरालाही कळतं, त्यासाठी पाचवी-सहावीपर्यंत थांबायची काही गरज नाही.